चिठ्ठी टाकून वडिलांच्या पायाचा निर्णय?

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. मधुमेह वीस वर्षांचा, विड्या आत्ता सहा महिन्यांपूर्वी सुटल्या. डाव्या पायाची करंगळी काळी पडली आहे आणि शेजारची जखम दोन महिने भरत नाही. रात्री दुखतं म्हणून पाय खाटेखाली सोडून बसून राहतात. आम्ही मिरजेचे. पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात दाखवलं. गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्या बंद आहेत, रक्त पोहोचवलं नाही तर पाय जाऊ शकतो, असं व्हॅस्क्युलर सर्जन म्हणाले. उपाय दोन सांगितले, बायपास (पायातली शीर जोडून बंद भागाला वळसा घालून रक्त न्यायचं) किंवा फुगा (अँजिओप्लास्टी, म्हणजे तारेवरून फुगा नेऊन रक्तवाहिनी आतून रुंद करायची). पण त्यांच्याकडे एक अभ्यास चालू आहे आणि त्यात आलात तर दोनपैकी कोणता उपाय हे कॉम्प्युटर ठरवेल म्हणे. चौदा पानी मराठी फॉर्म दिलाय. आत्या म्हणते, हे गरिबांवर प्रयोग करतात. सोमवारी उत्तर द्यायचंय. मी सही करू का? नाही म्हटलं तर उपचारात हयगय होईल का? आणि खर्च कोणाचा?

उत्तर : आधी सहीचं बघू. ही सही तुमची नाहीच, वडिलांची आहे. ते शुद्धीवर आहेत आणि सांगितलेलं त्यांना समजतं, तर त्यांच्या वतीने मुलाने संमती देणं नियमात बसत नाही. वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, मात्र तेव्हा अभ्यासाशी काही संबंध नसलेला एक तटस्थ साक्षीदार समोर लागतो. सगळा मजकूर त्याच्या देखत वाचून दाखवायचा आणि मग त्याने सही करायची. अभ्यासाचा कोऑर्डिनेटर किंवा त्याच टीममधली नर्स साक्षीदार होऊ शकत नाही. तुमचं काम एवढंच : हा फॉर्म घरी त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि ते जिथे अडतील तिथे पेन्सिलने खूण करून ठेवायची.

दुसरं, सोमवारपर्यंत थांबता येईल का ते करंगळीवर अवलंबून आहे. बोट कोरडं, सुरकुतलेलं, बिनवासाचं असेल तर तीन-चार दिवस विचार करायला हरकत नाही. पू, घाण वास, पावलावर चढत जाणारी लाली आणि सूज, थंडी वाजून ताप, किंवा काही कारण नसताना भडकलेली साखर, यातलं एक जरी दिसलं तरी फॉर्म बाजूला ठेवा आणि त्याच रात्री रुग्णालय गाठा. अशा ओल्या गँगरीनमध्ये, म्हणजे पू होऊन कुजत चाललेल्या भागात, आधी पू काढावा लागतो. कुठलाही अभ्यास त्यासाठी थांबत नाही आणि थांबायला सांगत असेल तर तो अभ्यास सोडा.

तोवर घरी काय टाळायचं तेही सांगतो. गरम पाण्याचा शेक, रबरी पिशवी, मिठाच्या पाण्यात पाय बुडवणं, सगळं बंद. मधुमेहाने पावलाची जाणीव गेलेली असते, चटका कळत नाही आणि रक्त नसल्यामुळे भाजलेलं भरत नाही. करंगळी गावातल्या दवाखान्यात कापून घेऊ नका. रक्त पोहोचण्याआधी बोट कापलं की ती जखमही काळी पडते आणि मग पाय आणखी वरून कापायची वेळ येते. पाय उशीवर उंच ठेवू नका. पोटरीखाली मऊ घडी द्या, म्हणजे टाच गादीवर टेकणार नाही. आणि कुणी घोट्यापाशी सलाईन लावायला आलं तर थांबवा. तिथूनच वर जाणारी मोठी शीर बायपासला लागते, तिच्यात सुई आणि औषधं गेली की ती आतून सुजते आणि कामातून जाते.

आता मुख्य शंका, कॉम्प्युटर ठरवणार म्हणजे काय. अभ्यासातला डॉक्टर वडिलांचं वय, जखमेची तीव्रता, शीर चांगली आहे की नाही अशी माहिती एका वेबसाइटवर भरतो, बटण दाबतो आणि समोर उपायाचं नाव व एक क्रमांक येतो. बटण दाबेपर्यंत काय येणार हे त्यालाही माहीत नसतं, आणि आल्यावर त्याला ते आवडलं नाही म्हणून बदलता येत नाही. हा सगळा खटाटोप डॉक्टरला स्वतःपासून वाचवण्यासाठी आहे. निवड त्याच्या हातात ठेवली तर धडधाकट माणसं बायपासला आणि खंगलेली, हृदय कमकुवत असलेली माणसं फुग्याला जातात. नंतर बायपासवाले जास्त जगले तर ते शस्त्रक्रियेमुळे की मुळातच तब्येत बरी होती म्हणून, हे कुणालाच सांगता येत नाही. पायाच्या रक्तवाहिन्यांच्या उपचारांत अनेक वर्षं असेच एकतर्फी आकडे फिरत होते.

पण अशी कॉम्प्युटरवरची चिठ्ठी टाकणं योग्य केव्हा? दोन्ही उपाय त्या रुग्णात शक्य असतील आणि त्यातला कोणता चांगला हे खरोखर माहीत नसेल तेव्हाच. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ते माहीत आहे का, हे दोन मोठ्या अभ्यासांवरून कळतं, आणि दोघांनी उलट उत्तरं दिली आहेत.

पहिला बेस्ट-सीएलआय, २०२२ साली प्रसिद्ध झालेला. पाच देशांतली १५० रुग्णालयं, १,८३० रुग्ण. ज्यांच्या पायात बायपासला पुरेल अशी एकसंध चांगली शीर होती अशा १,४३४ जणांत घोट्याच्या वर पाय कापावा लागणं, पायावर पुन्हा मोठी प्रक्रिया करावी लागणं किंवा मृत्यू, यातलं काहीतरी बायपासच्या गटात ४२.६ टक्क्यांना आणि फुगा-स्टेंटच्या (स्टेंट म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) गटात ५७.४ टक्क्यांना झालं. म्हणजे बायपास सरस. चांगली शीर नसलेल्या ३९६ जणांत मात्र ४२.८ विरुद्ध ४७.७, हा फरक ठामपणे मोजण्याइतका नव्हता.

दुसरा बॅसिल-२, २०२३ सालचा, मुख्यतः ब्रिटनमधला, ३४५ रुग्णांचा. यात सगळ्यांचा आजार गुडघ्याखालचा, म्हणजे तुमच्या वडिलांसारखा. इथे पाय जाणं किंवा मृत्यू बायपास-आधी गटात ६३ टक्के आणि फुगा-आधी गटात ५३ टक्के. म्हणजे फुगा सरस.

वर्तमानपत्री मथळा वाचणाऱ्याला वाटेल, यांचं यांनाच कळत नाही. पण आकड्यांच्या आत डोकावलं की गोष्ट वेगळी दिसते. बॅसिल-२ मध्ये पाय कापण्याचं प्रमाण जवळपास सारखंच होतं, २० आणि १८ टक्के. फरक पडला तो मृत्यूंत, ५३ विरुद्ध ४५ टक्के. बेस्ट-सीएलआयमध्ये मृत्यूंत फारसा फरक नव्हता (३३.० आणि ३७.६). तिथे तफावत आली ती मुख्यतः पुन्हा मोठी प्रक्रिया करावी लागण्यात, ९.२ विरुद्ध २३.५ टक्के, आणि थोडी पाय जाण्यात, १०.४ विरुद्ध १४.९ टक्के. शिवाय एका अभ्यासाने ‘पुन्हा प्रक्रिया’ निकालात धरली, दुसऱ्याने मुख्य निकालात धरलीच नाही. रुग्णही वेगळे. बेस्ट-सीएलआयमध्ये मांडीतल्या रक्तवाहिन्या बंद असलेले पुष्कळ होते. हे वाचून आमचं मत असं : फक्त गुडघ्याखालचा आजार, वय साठीच्या पुढे, मधुमेह, या चौकटीत प्रश्न अजून उघडा आहे आणि चिठ्ठी टाकण्यात अप्रामाणिक काही नाही. मात्र वडिलांच्या मांडीतली मुख्य रक्तवाहिनीही लांबवर बंद असेल, शीर उत्तम असेल आणि हृदय ठीक असेल, तर पारडं बायपासकडे झुकतं. मग कॉम्प्युटरवर सोडण्याआधी सर्जनकडून खुलासा घ्या.

तो खुलासा मिळवायचा एक सरळ प्रश्न आहे. सोमवारी वडिलांना हाच विचारायला सांगा : “साहेब, हा अभ्यास नसता तर तुम्ही माझ्यासाठी काय केलं असतं?” उत्तर लगेच आणि ठाम आलं, “बायपासच केला असता” किंवा “तुमच्या हृदयाला भूल झेपणार नाही, फुगाच”, तर वडिलांनी अभ्यासात जाऊ नये, तोच उपाय घ्यावा. उत्तर अडखळत आलं, “दोन्ही करता आलं असतं, खरं सांगायचं तर मलाही खात्री नाही”, तर अभ्यासात जाण्याने वडिलांचं काही हुकत नाही. चौदा पानांपेक्षा या एका उत्तरात जास्त कळतं. चांगला संशोधक या प्रश्नाने चिडत नाही.

उत्तर देण्याआधी त्यांच्या हातात तीन गोष्टी हव्यात, आणि नसतील तर त्या आधी करून घ्या. एक, शिरेचा डॉप्लर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी. उबदार खोलीत पाय खाली सोडून किंवा उभं करून जांघेपासून घोट्यापर्यंत आतल्या बाजूने प्रोब फिरवतात, थोड्या थोड्या अंतरावर दाबून शीर मऊ आहे का बघतात, रुंदी मोजतात आणि त्वचेवर मार्करने रेघ ओढतात. साधारण ३ मिलिमीटर किंवा जास्त रुंद, सलग आणि दाबल्यावर मिटणारी शीर म्हणजे चांगली. गार खोलीत, आडवं झोपवून घाईने केलं तर शीर आखडलेली असते आणि चांगली शीरही ‘अपुरी’ म्हणून नोंदली जाते. ‘शीर लहान आहे’ असा रिपोर्ट आला तर तो कसा केला ते विचारा. हृदयाच्या बायपाससाठी एका पायाची शीर आधीच काढली असेल तर ते स्वतःहून सांगा. दोन, पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब. मधुमेहात घोट्याच्या रक्तवाहिन्यांत चुना साचतो, त्या कफने दबत नाहीत आणि घोट्याचा दाब खोटा जास्त येतो. अंगठ्याच्या रक्तवाहिन्यांत हे कमी होतं. तिथे दाब ३० (पाऱ्याचे मिलिमीटर) च्या खाली म्हणजे पुरवठा फारच तोकडा. तीन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी). फुग्यासाठी डाय लागतो, तो मूत्रपिंडाला जड. बायपाससाठी भूल लागते, ती हृदयाला.

आणखी एक बाब फॉर्ममध्ये सहसा एका ओळीत उरकलेली असते : पहिला उपाय फसला तर पुढे काय? दुसरा उपाय करता येईल, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं हवं. पण ‘फुगा करून बघू, नाहीतर बायपास आहेच’ हे जितकं सोपं वाटतं तितकं नाही. ब्रिटनमधल्या पहिल्या बॅसिल अभ्यासात फसलेल्या अँजिओप्लास्टीनंतर केलेले बायपास, थेट केलेल्या बायपासपेक्षा वाईट ठरले होते. एक कारण असं, की बायपासचं खालचं टोक जिथे जोडायचं ती रक्तवाहिनी तारेने किंवा फुग्याने दुखावली तर जोडायला जागाच उरत नाही. म्हणून विचारा : “फुग्याच्या वेळी बायपासची जागा राखून काम कराल ना?” सर्जन आणि फुगा करणारे डॉक्टर एकाच टीममध्ये असतील तर उत्तर चटकन मिळेल.

फॉर्ममध्ये ‘औषध लावलेला फुगा’ असा शब्द असेल तर त्याचीही पार्श्वभूमी माहीत असू द्या, कारण नातेवाईक इंटरनेटवर अर्धंच वाचून येतात. या फुग्यावर पॅक्लिटॅक्सेल नावाचं औषध असतं, ते रक्तवाहिनी पुन्हा आकसू नये म्हणून. डिसेंबर २०१८ मध्ये २८ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात अशा फुगा-स्टेंटनंतर दोन वर्षांनी मृत्यू जास्त दिसले, ७.२ विरुद्ध ३.८ टक्के. जगभर खळबळ उडाली, २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, वापर घटला. मग गळालेल्या रुग्णांची माहिती शोधून काढली गेली, स्वीडनमधल्या, तेव्हा चालू असलेल्या अभ्यासाचा २,२८९ रुग्णांवरचा मधला निकाल आला आणि जुलै २०२३ मध्ये त्याच प्रशासनाने सांगितलं की उपलब्ध माहितीवरून मृत्यूचा जादा धोका दिसत नाही. फरक दिसण्यामागे एक कारण होतं : अनेक अभ्यासांत रुग्ण मध्येच गायब झाले होते आणि ते जिवंत आहेत की नाहीत याचीच नोंद नव्हती.

आत्याबाईंची भीती हवेतली नाही, हे मुद्दाम सांगतो. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने अशाच तक्रारी घेऊन सर्वोच्च न्यायालय गाठलं, २०१३ मध्ये भरपाईचे नियम आले आणि २०१९ मध्ये ‘नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियम’ लागू झाले. म्हणून आत्याबाईंना समजवायला वेळ घालवण्यापेक्षा त्यांना फॉर्म तपासायला बसवा. फॉर्मवर सीटीआरआय क्रमांक शोधा, त्यात वर्ष आणि महिना दिसतो. तो भारताच्या सरकारी चाचणी-नोंदणीच्या संकेतस्थळावर टाकला की अभ्यासाचं नाव, पैसा कोण देतो, किती रुग्ण, मुख्य संशोधक कोण, हे कुणालाही वाचता येतं. १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. क्रमांक नसेल, किंवा नोंदीतलं मोजमाप आणि फॉर्ममधलं मोजमाप जुळत नसेल, तर ‘का’ ते विचारा. मग एथिक्स कमिटीचं (अभ्यासाला मंजुरी देऊन त्यावर लक्ष ठेवणारी समिती) नाव, तिचा नोंदणी क्रमांक आणि सदस्य-सचिवाचा फोन. हा फोन डॉक्टरांच्या फोनपेक्षा वेगळा असला पाहिजे. तक्रार डॉक्टरांबद्दल असेल तर ती डॉक्टरांनाच कशी करणार?

फॉर्ममध्ये वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारलेलं दिसलं की पुष्कळ घरांत संशय येतो. ते भरपाईसाठीच असतं. चाचणीमुळे मृत्यू झाला तर रक्कम वय आणि आधीच्या आजाराची जोखीम यांच्या सूत्राने ठरते, त्यात मूळ आकडा ८ लाख रुपये असतो. पण ‘चाचणीमुळे’ हा शब्द महत्त्वाचा. मुळातल्या आजाराने पाय गेला तर भरपाई नाही, इजा झाली तर मात्र उपचार मोफत करावे लागतात. हे नियम नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी. नवं उपकरण असेल तर २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागतात. दोन्ही आधीपासून मान्य उपायांची केवळ तुलना असेल तर एथिक्स कमिटी आणि आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं. तुमचा अभ्यास यातल्या कोणत्या खणात बसतो ते विचारा, कारण खर्चाचं उत्तर त्यावरच आहे.

खर्चाबाबत साधा नियम धरा : अभ्यास नसता तरी जे करावं लागलं असतं त्याचा खर्च तुमचा किंवा योजनेचा असू शकतो, अभ्यासापायी जे वाढलं त्याचा एक रुपयाही तुमचा नाही. जादा डॉप्लर, जादा रक्ततपासण्या, फक्त अभ्यासासाठी मिरजेहून पुण्याला येणं-जाणं, हे अभ्यासाने भरायचं. बाकी प्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसते का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचा तिथला मदतनीस) विचारा आणि दोन्ही गटांसाठी वेगवेगळं विचारा. बायपास बसला आणि फुगा नाही बसला, तर चिठ्ठी कुठली निघते यावर घरचं कर्ज ठरेल. हे आधी कळायला हवं. ‘संशोधनात घेतो, पण त्यासाठी लाखभर भरा’ असं कुठे ऐकलं, स्टेम सेलच्या नावाखाली हे बरंच चालतं, तर तिथून उठा.

नाही म्हटलं तर? वडिलांनी नकार दिला किंवा मध्येच बाहेर पडले तरी नेहमीचे उपचार तसेच चालू राहतील, हे वाक्य फॉर्ममध्ये असावंच लागतं. प्रत्यक्षात ओपीडीत चेहरा पडू शकतो, हे मान्य. पण नकारानंतर तारीख मुद्दाम लांबवली जाते आहे असं वाटलं तर तोच एथिक्स कमिटीचा फोन वापरायचा. नकाराचं कारण सांगायची सक्ती नाही.

होकार दिलात तर तुमच्याकडून एक गोष्ट मात्र नक्की हवी, ती म्हणजे तपासणीच्या तारखा पाळणं. साधारण महिन्याने, मग तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि पुढे दोन-तीन वर्षं बोलावतात. जखम भरली की माणसं यायची बंद होतात, पाय गेला की रागाने बंद होतात. पॅक्लिटॅक्सेलचा घोळ नेमका अशा गळतीने वाढला. शिवाय यात तुमचाही फायदा आहे : शिरेचा बायपास अरुंद व्हायला लागला की तो पूर्ण बंद होण्याआधी डॉप्लरवर दिसतो, आणि तेव्हा दुरुस्ती सोपी असते. वडील येऊ शकणार नसतील तर निदान फोनवर कळवा. घरातले दोन नंबर देऊन ठेवा.

चिठ्ठी कुठलीही निघो, अभ्यासात जा वा नका जाऊ, औषधं तीच : अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, स्टॅटिन, साखर आणि रक्तदाब ताब्यात. रक्त पोहोचवल्यावर अ‍ॅस्पिरिनसोबत रिव्हारॉक्साबॅन हे रक्त पातळ ठेवणारं औषध २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देण्याचा पर्याय आहे. २०२० च्या व्हॉयेजर-पीएडी अभ्यासात ६,५६४ रुग्णांमध्ये पायाच्या आणि हृदयाच्या गंभीर घटना तीन वर्षांत १९.९ वरून १७.३ टक्क्यांवर आल्या, पण मोठा रक्तस्राव थोडा वाढला. वडिलांना अल्सर किंवा रक्ताची उलटी कधी झाली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. विडी सुटली आहे, ती सुटलेलीच राहू द्या. तिच्या जागी मशेरी किंवा गुटखा आला नाही ना, तेवढं बघा.

सोमवारी निघताना सीटी अँजिओची (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनची) सीडी, नुसता रिपोर्ट नको, ताजा क्रिएटिनिन, इको, चालू गोळ्यांची यादी आणि पेन्सिलच्या खुणांचा फॉर्म बरोबर घ्या. शिरेचा डॉप्लर झाला नसेल तर त्याची तारीख हातात पडल्याशिवाय, आणि सही केलीच असेल तर सगळ्या पानांची एक प्रत मिळाल्याशिवाय, ओपीडीतून उठू नका.